अमेरिकेतली मुलं अभ्यास का करत नाहीत? एका 'का'चा सव्वाशे वर्षांचा इतिहास

(आजच्या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल किंवा भांडी घासताना ऐकत असाल तर स्वागत आहे.

आजचा विषय मला माझ्या भाच्याने दिला, तोही नकळत. माझी एक मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिचा मुलगा नववीत आहे. मागच्या वर्षी ताईचा फोन आला, "अरे, जरा त्याला गणित शिकव ना, तुझं ऐकेल तो." मग काय, दर शनिवारी रात्री व्हिडिओ कॉल. तीन आठवड्यांत माझा पेशन्स संपला. पोरगा हुशार आहे, पण होमवर्क अर्धवट आणि उत्तर येत नसेल तर हसून सोडून द्यायचं. शेवटी मी आपलं ठेवणीतलं भाषण सुरू केलं. "आमच्या वेळी ना..." वगैरे. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मामा, पण मी हे केलं तर नक्की काय बदलतं?"

मला उत्तर देता आलं नाही. "करिअर", "भविष्य" असं काहीतरी पुटपुटलो आणि कॉल संपवला. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि मग मी वाचायला बसलो. तर आज त्या वाचनाची गोष्ट.

हसणारा मुलगा

सुरुवात करू १९५८ पासून. आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला होता आणि अमेरिका हादरली होती. मार्च १९५८ मध्ये 'लाइफ' या तिथल्या प्रचंड खपाच्या साप्ताहिकाने शिक्षणातल्या संकटावर एक मालिका सुरू केली. मुखपृष्ठावर दोन मुलं होती. एक मॉस्कोचा, गंभीर चेहऱ्याचा. दुसरा शिकागोचा, हसरा. आतल्या फोटोंत मॉस्कोचा मुलगा फिजिक्स, केमिस्ट्रीत बुडालेला. शिकागोचा मुलगा पोहतोय, नाचतोय, आणि भूमितीच्या तासाला फळ्यासमोर अडकला तर विनोद करून वर्गाला हसवतोय. वाचकांनी काय समजायचं ते उघड होतं: आपली पोरं आळशी झालीत, रशियन पुढे गेले.

गंमत बघा, पुढे तो हसरा मुलगा वैमानिक झाला. म्हणजे आयुष्य काही वाया गेलं नाही. पण त्या फोटोंनी एक समज पक्का केला, की अमेरिकन मुलांना 'मोटिव्हेशन' नाही. त्याच वर्षी सरकारने नॅशनल डिफेन्स एज्युकेशन ॲक्ट आणला आणि विज्ञान, गणित, परदेशी भाषा यांच्यासाठी पैसा ओतला. पैसा आला, पुस्तकं बदलली, प्रयोगशाळा आल्या. मुलाने मेहनत का करावी, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. आणि तो प्रश्न स्पुटनिकच्याही बराच आधीचा आहे.

शाळा सगळ्यांची झाली, पण कशासाठी?

१८९० मध्ये अमेरिकेत १४ ते १७ वयोगटातली साधारण ७ टक्केच मुलं हायस्कूलमध्ये होती. बाकीची शेतात, गिरणीत, दुकानात. जी येत होती ती एक तर कॉलेजला जाणारी किंवा शिक्षिका, कारकून होऊ पाहणारी. त्यांना 'का' विचारायची गरजच नव्हती. १८९२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या नेतृत्वाखाली 'कमिटी ऑफ टेन' नेमली गेली. कमिटी म्हणाली, कॉलेजला जाणारा असो वा नसो, जो विषय शिकवायचा तो सगळ्यांना सारख्याच दर्जाने शिकवा.

मग चित्र बदललं. १९१८ पर्यंत प्रत्येक राज्यात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला. त्यानंतर १९३० च्या दशकातली महामंदी. मोठ्यांनाच काम नव्हतं, तिथे पोरांना कोण देणार? मग जा शाळेत! १९४० पर्यंत त्या वयोगटातली ७० टक्क्यांहून जास्त मुलं हायस्कूलमध्ये होती. पन्नास वर्षांत ७ वरून ७० टक्क्यांच्या पुढे. जगात तेव्हा इतकं कुणालाच जमलं नव्हतं, आणि हे खरंच मोठं काम आहे, ते कमी लेखू नका.

पण इतक्या मुलांना शिकवायचं काय? १९१८ च्या 'कार्डिनल प्रिन्सिपल्स' नावाच्या अहवालाने शाळेची सात उद्दिष्टं सांगितली: आरोग्य, कुटुंब, व्यवसाय, नागरिकत्व, फुरसतीचा चांगला वापर, चारित्र्य, आणि वाचन-लेखन-गणितासारखी मूलभूत कौशल्यं. सातांपैकी अभ्यास म्हणता येईल अशी जागा जेमतेम एक. १९४५ मध्ये चार्ल्स प्रॉसर हे शिक्षणतज्ज्ञ तर म्हणाले की सुमारे ६० टक्के मुलांना ना कॉलेजची तयारी उपयोगाची, ना कारागिरीचं शिक्षण. त्यांना 'जीवनाशी जुळवून घ्यायला' शिकवा.

थोडं थांबून विचार करा. तुम्ही चौदा वर्षांचे आहात आणि व्यवस्थाच तुम्हाला सांगतेय की तुमच्याकडून फारशी अपेक्षा नाही, फक्त रोज हजर राहा. तुम्ही काय कराल?

क्रिकेटर हिरो, टॉपर व्हिलन

इथे आपल्या गोष्टीतला माझा आवडता माणूस येतो, समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्याने इलिनॉय राज्यातल्या दहा हायस्कूलमधल्या मुलांना प्रश्न विचारले. त्यातला एक असा: शाळेने तुझी आठवण कशी ठेवावी? हुशार विद्यार्थी म्हणून, खेळाडू म्हणून की सगळ्यांचा लाडका म्हणून? मुलांमध्ये खेळाडूने बाजी मारली.

'मुलं उथळ आहेत' असं म्हणून कोलमन मोकळा होऊ शकला असता. पण त्याने नियम तपासले. फुटबॉल खेळणारा मुलगा जिंकतो तेव्हा अख्खी शाळा जिंकते. वर्गात पहिला येणारा मुलगा मात्र स्वतःच्याच मित्रांना हरवतो, कारण मार्क एकमेकांच्या तुलनेत मिळतात. मग वर्ग काय करतो? जास्त अभ्यास करणाऱ्याला चिडवतो. कारखान्यात एखादा कामगार फार भराभर काम करायला लागला की बाकीचे त्याला दटावतात ना, 'तुझ्यामुळे आमचाही कोटा वाढेल', तसंच. कोलमनच्या मते हे अगदी तर्कशुद्ध वागणं होतं. उपाय म्हणून त्याने सुचवलं की शाळाशाळांत अभ्यासाच्या स्पर्धा घ्या, म्हणजे हुशार मुलगाही शाळेसाठी खेळेल.

आपल्या हातात काही आहे का?

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारला सांगितलं की शाळांतली विषमता मोजा. काम परत कोलमनकडे आलं. १९६६ चा हा 'कोलमन रिपोर्ट': सुमारे ४,००० शाळा, सहा लाखांच्या आसपास विद्यार्थी. सगळ्यांना वाटलं होतं, उत्तर येईल की काळ्या मुलांच्या शाळांत सोयी कमी म्हणून निकाल कमी. निघालं वेगळंच. इमारत, लायब्ररी, खर्च यांपेक्षा घरच्या परिस्थितीचा आणि सोबतच्या मुलांचा परिणाम मोठा होता.

पण त्यात आणखी एक निष्कर्ष आहे, ज्याची चर्चा फार कमी होते. मुलांना विचारलं होतं की यशासाठी मेहनतीपेक्षा नशीब महत्त्वाचं असतं का? पुढे जायचा प्रयत्न केला की कोणी ना कोणी अडवतं का? आपल्या आयुष्यावर आपलं नियंत्रण आहे असं ज्या मुलांना वाटत होतं, त्यांचे निकाल चांगले होते. आणि काळ्या मुलांच्या बाबतीत या एका भावनेचा संबंध शाळेतल्या सगळ्या सोयींपेक्षा घट्ट निघाला.

आता यात कोंबडी आधी की अंडं, हा वाद आहेच. निकाल चांगले म्हणून आत्मविश्वास येतो, असंही असेल. पण ज्या देशात तोपर्यंत पदवी घेतलेल्या काळ्या माणसालाही हमाली करावी लागायची, तिथल्या मुलाला 'मेहनतीने काय बदलतं?' असं वाटलं तर त्याला आळशी म्हणायचं? तो आजूबाजूला बघून हिशेब करत होता. माझ्या भाच्याचाच प्रश्न, फक्त त्याच्या प्रश्नामागे कितीतरी जास्त दुःख होतं.

तू मला त्रास देऊ नको, मी तुला देत नाही

१९८३. रेगन सरकारच्या काळात 'ए नेशन ॲट रिस्क' हा अहवाल आला. या वेळी भीती रशियाची कमी आणि जपानच्या गाड्यांची जास्त. अहवाल म्हणाला की हायस्कूल म्हणजे कॅफेटेरिया झालंय, मुलं जेवण सोडून गोडच उचलतायत. १९६४ मध्ये 'जनरल' म्हणजे ना धड कॉलेजची तयारी, ना धड व्यवसाय अशा गटात १२ टक्के मुलं होती, १९७९ मध्ये ती ४२ टक्के झाली.

त्याच सुमारास काही संशोधक वर्गात मागच्या बाकावर बसून बघत होते. १९८५ च्या 'द शॉपिंग मॉल हायस्कूल' या पुस्तकात त्यांनी एक शब्द वापरला: तह. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातला न बोललेला तह. मी तुला फार कठीण काही विचारणार नाही, तू वर्गात दंगा करू नको. तास शांततेत पार पडतो. दोघंही खूश. शिकणं मात्र होत नाही.

मग १९८९ मध्ये अर्थतज्ज्ञ जॉन बिशपने थेट विचारलं, ही उदासीनता का? त्याचं म्हणणं साधं होतं. हायस्कूलमधून थेट नोकरीला जाणाऱ्या मुलाची मार्कशीट मालक बघतच नाही. मग चांगला अभ्यास केलेल्याला पगारात फायदा काय? आपल्या दहावी-बारावीसारखी सगळ्यांना सारखी, बाहेरून तपासली जाणारी परीक्षा बहुतेक ठिकाणी नाही. आणि कम्युनिटी कॉलेजची दारं तर जवळजवळ सगळ्यांना उघडी. हे शेवटचं ऐकायला छान वाटतं. पण जेम्स रोझेनबॉम या समाजशास्त्रज्ञाने दाखवलं की 'प्रवेश मिळणारच' म्हणून मुलं हायस्कूलमध्ये निवांत राहतात. आणि कॉलेजला जायचंच असं ठरवलेल्या, पण शाळेत 'सी' किंवा त्याखालची ग्रेड असलेल्या मुलांपैकी पुढच्या दहा वर्षांत सातांतल्या जेमतेम एकाला पदवी मिळाली. दार उघडं होतं, पण आत गेल्यावर काय लागतं ते कुणी सांगितलंच नव्हतं.

पंचवीस डॉलरची नोट

जानेवारी २००२ मध्ये 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायदा झाला. तिसरी ते आठवी दरवर्षी परीक्षा, आणि २०१४ पर्यंत १०० टक्के मुलं पास दर्जाला न्यायची. पण बघा, निकाल वाईट लागला तर शिक्षा शाळेला. ज्याने पेपर लिहायचा त्या मुलाला त्याने काहीच फरक पडत नव्हता! १०० टक्के अर्थातच झाले नाहीत.

मग प्रश्न आला, मुलांना थेट पैसेच दिले तर? रोलंड फ्रायर या अर्थतज्ज्ञाने काही शहरांत हे करून बघितलं. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या मार्कांसाठी आणि शिकागोत ग्रेडसाठी पैसे दिले, पण प्रमाणित चाचण्यांच्या निकालात फारसा फरक नाही. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना एक पुस्तक वाचलं की दोन डॉलर दिले. तिथे वाचन सुधारलं. का? मार्क वाढवायचे म्हणजे नक्की काय करायचं हे मुलांना ठाऊकच नव्हतं. विचारलं तर म्हणाली, प्रश्न नीट वाचू. 'शिक्षकांना शंका विचारू' हे सुचत नव्हतं. पुस्तक वाचणं मात्र त्यांच्या हातात होतं. कोलमन आठवला ना?

दुसरा प्रयोग तर भन्नाट. अमेरिका आणि शांघायमधल्या काही मुलांना गणिताच्या चाचणीच्या अगदी आधी पाकिटात २५ डॉलर किंवा तितकी चिनी रक्कम दिली. चुकलेल्या किंवा सोडलेल्या प्रत्येक प्रश्नामागे एक डॉलर परत. अभ्यासाला वेळच नव्हता, म्हणजे ज्ञान वाढायचा प्रश्न नाही. शांघायच्या मुलांचे मार्क जवळपास तेवढेच राहिले. अमेरिकन मुलांचे वाढले! संशोधकांच्या अंदाजाने हा फरक अमेरिकेला पिसा चाचणीच्या गणिताच्या यादीत ३६ व्या क्रमांकावरून १९ व्या क्रमांकावर नेण्याइतका होता. शाळा थोड्याच होत्या, म्हणून फार ताणू नये. पण इतकं कळतं की आपण ज्याला 'येत नाही' म्हणतो, त्यातलं काही 'कशाला करू?' असतं.

आणि कोविडनंतर तो प्रश्न मुलांनी पायांनी विचारला. शाळेच्या १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणाऱ्यांचं प्रमाण २०१८-१९ मध्ये सुमारे १५ टक्के होतं, ते २०२१-२२ मध्ये सुमारे २८ टक्क्यांवर गेलं.

मग मी भाच्याला काय सांगितलं?

आता माझा कबुलीजबाब. मला वाटायचं, मी मेहनती होतो. दहावीला बोर्ड, बारावीला सीईटी, रोज पहाटे क्लास. मग इंजिनिअरिंगला गेलो, हॉस्टेलवर कोणी ढकलणारं नव्हतं, आणि तिसऱ्या सेमिस्टरला एम-थ्री राहिला. बॅक! मी एका वर्षात आळशी झालो होतो का? नाही. माझं मोटिव्हेशन माझं नव्हतंच, ते परीक्षेच्या तारखेचं होतं. म्हणून 'आपली पद्धत भारी' असंही मी म्हणणार नाही. आपल्याकडे 'का'चं उत्तर भीती देते, आणि भीती संपली की आपणही तिथेच.

पुढच्या शनिवारी मी भाच्याला सॉरी म्हणालो. भाषण बंद केलं. एवढंच ठरवलं की दर आठवड्याला पाच गणितं, आणि प्रत्येकात अडकला ती ओळ मला दाखवायची. मार्कांबद्दल बोलायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याने स्वतः फोन केला, "मामा, ही ओळ आता येते." नववीचं वर्ष कसं जाईल माहीत नाही. पण त्याच्या प्रश्नाचं निदान एक लहानसं उत्तर मिळालं: केलं तर ही ओळ बदलते, आणि ती कोणीतरी बघतं.

तुमच्या आसपास कुणाला 'आळशी' म्हणून मोकळं झाला असाल, तर एकदा त्याला विचारा की केलं तर काय बदलेल असं त्याला वाटतं. आणि उत्तर मला नक्की कळवा. एपिसोड आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका, विशेषतः ज्या ग्रुपवर काका रोज सकाळी मोटिव्हेशनल मेसेज पाठवतात.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!