अंतर किती होते?



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनीच मला इतिहासाचा पहिला धडा दिला. आणि तो क्रमिक पुस्तकातला नव्हता. मी मूळचा निपाणीचा. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत तंबाखूच्या वखारीसमोरील कट्ट्यावर संध्याकाळी वडीलधारी मंडळी बसत. गांधीहत्येचा विषय निघाला की बोलणे हटकून नेमावर येई. कोणी म्हणे, मारणाऱ्याने रानात महिनोन् महिने सराव केला होता. कोणी म्हणे, भर गर्दीतून वीस पावलांवरून त्याने गोळ्या अचूक बसविल्या. एखादा आवाज खाली आणून सांगे की, चौथी गोळी दुसऱ्याच कोणाची होती. हे सारे मी वर्गात मोठ्या ऐटीत सांगितले. सर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "अंतर किती होते रे?" मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर आज आपल्यापुढे मांडावे, असा माझा विचार आहे.

30 जानेवारी 1948 रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात सायंकाळी पाचनंतर गांधीजी प्रार्थनेच्या जागेकडे निघाले होते. नात्यातील दोन मुलींच्या खांद्यांवर त्यांचे हात होते. नथुराम गोडसे गर्दीतून पुढे आला, वाकून नमस्कार केल्यासारखे केले, मनूबेनना बाजूला ढकलले आणि अगदी समोरून इटालियन बनावटीच्या बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या. हात लांबवला तर स्पर्श व्हावा, एवढेच ते अंतर होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, उपवासाने थकलेला, निःशस्त्र माणूस समोर उभा असता तेथे नेमबाजीचे कौशल्य ते काय लागणार? ज्याने आयुष्यात कधी पिस्तूल धरले नाही, त्याचीही गोळी तेथे चुकली नसती. सांगलीत काही काळ शिवणकाम केलेला आणि पुढे पुण्यात वृत्तपत्राचा संपादक झालेला हा मनुष्य. त्याच्याभोवती कसलेल्या नेमबाजाचे वलय लोकांनी मागाहून उभे केले.

वस्तुस्थिती तर याच्या नेमकी उलट आहे. दहाच दिवस आधी, 20 जानेवारीला, याच मंडळींचा एक बेत पुरता फसला होता. त्या दिवशी सकाळी हिंदुमहासभा भवनामागील झाडीत त्यांनी आपली शस्त्रे तपासून पाहिली. एका रिव्हॉल्व्हरचे चक्र फिरेना. दुसऱ्याची गोळी समोरच्या झाडापर्यंतही पोहोचेना. प्रार्थनास्थळाच्या मागील खोलीच्या जाळीतून गोळी झाडावयाची, असे ठरले होते. पण ज्याच्यावर ती कामगिरी होती, त्या दिगंबर बडगे याने खोलीत शिरण्यास कच खाल्ली. मदनलाल पहावा याने स्फोट केला आणि तो जागीच पकडला गेला. आडून मारण्याचा बेत फसला. पुढच्या खेपेस अगदी जवळ जाऊन मारण्याचा मार्ग निवडला गेला. पिस्तूलही ऐन वेळी, 28 जानेवारीला, ग्वाल्हेरहून मिळविण्यात आले.

जवळून झाडलेली गोळीही कधी कधी व्यर्थ जाते, हे आपल्याच इतिहासात नमूद आहे. 22 जुलै 1931 रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर समोरून गोळ्या झाडल्या. हॉटसन यांच्या खिशातील टिपणवहीच्या धातूच्या बटणावर गोळी अडली आणि ते वाचले. लोकांनी मात्र साहेबाच्या अंगात चिलखत होते, अशी कथा रचली. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंपैकी दामोदर यांनी रँडवर गोळी झाडली. बाळकृष्ण यांच्या गोळीने मात्र लेफ्टनंट आयर्स्टचा बळी गेला. नेम साधला तर कौशल्य आणि चुकला तर चिलखत, असा लोकांचा हिशेब असतो. योगायोग ही गोष्ट मानावयास कोणी राजी नसते.

चौथ्या गोळीची गोष्ट तर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. त्या वेळच्या काही बातम्यांत चार गोळ्यांचा उल्लेख आल्याने फेरतपासाची मागणी झाली. न्यायालयाने ज्येष्ठ विधिज्ञ अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र नेमून कागदपत्रे तपासून घेतली. दुसऱ्या मारेकऱ्याचा पुरावा आढळला नाही आणि 28 मार्च 2018 रोजी याचिका फेटाळली गेली.

मग या नेमाच्या कथेला एवढे आयुष्य का लाभले? मला वाटते, ती आपल्या सोयीची आहे म्हणून. मारणारा अचाट नेमबाज होता असे एकदा ठरले की, त्याला कोणीच अडवू शकले नसते, असेही आपोआप ठरते. मग कोणालाही जाब द्यावा लागत नाही. प्रत्यक्षात मुंबईचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी 21 जानेवारीलाच मदनलालविषयीची आपली माहिती मुंबई सरकारच्या कानावर घातली होती. पकडलेल्या मदनलालच्या जबानीतून पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाकडे बोट दाखविले गेले होते. तरी दहा दिवसांत तो संपादक कोण, हे पुण्यात जाऊन कोणी शोधले नाही. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाने 1969 च्या अहवालात तपासातील या ढिलाईवर कठोर ताशेरे ओढले. प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती घेऊ नये, हा गांधीजींचा आग्रह होता, हे खरेच. परंतु पुण्यास जाण्यापासून पोलिसांना त्यांनी अडविले नव्हते.

आपल्या भागाने या घटनेची किंमत निराळ्या रीतीने मोजली. हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या स्टुडिओची राखरांगोळी झाली. ज्यांचा त्या पिस्तुलाशी काडीचा संबंध नव्हता, अशांचे संसार उघड्यावर आले. कट्ट्यावर नेमाच्या गोष्टी रंगत. या घरांविषयी मात्र कोणी बोलत नसे.

बेळगावकरांनी गांधीजींना जवळून पाहिले होते. डिसेंबर 1924 मध्ये टिळकवाडीतील विजयनगरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष झाले ते या एकाच अधिवेशनाचे. गंगाधरराव देशपांडे यांनी त्यासाठी खोदविलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. हजारो लोक त्या वेळी त्यांच्या हातभर अंतरावर आले आणि पाया पडून परतले. तेच अंतर, तोच नमस्कार. पुढे एकाने त्या विश्वासाचाच उपयोग केला.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर मला उशिरा सापडले. मारणाऱ्यापासून गांधीजी हातभर अंतरावर होते. पण मिळालेली माहिती आणि तिच्यावर व्हावयाची कारवाई यांच्यात दहा दिवसांचे अंतर पडले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मोजावयाचे ते हे दुसरे अंतर. माझ्या विद्यार्थी मित्रांनो, उद्या कोणी एखाद्या हत्येतील नेमाचे कौतुक सांगू लागला, तर त्याच्याशी वाद घालू नका. सरांसारखे शांतपणे एवढेच विचारा, "अंतर किती होते?"