सावकाराचा कासीद

पानिपतच्या संहाराची वार्ता पेशव्यांस कशी कळली, हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ वाटेल. परंतु युद्धांतील गुप्त पत्रव्यवहाराचें मर्म त्यांत सांठविलेलें आहे.

ऑक्टोबर १७६० मध्यें अबदाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्यामध्यें उभा राहिला. तेव्हांपासून भाऊसाहेबांची दक्षिणेकडील डांक दुष्कर होत गेली. सरकारी डांक आपल्या फौजेनें राखलेल्या वाटेवरून चालते. ती वाट तुटली कीं राज्य मुकें होतें. सावकाराचें तसें नव्हे. त्याचा पैसा दोन्ही पक्षांच्या मुलखांत गुंतलेला असतो. म्हणून त्याचा कासीद कसाही करून वाट काढतो.

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सर्वनाश झाला. पुढील हकीकत ग्रँट डफनें आपल्या १८२६ सालच्या इतिहासांत दिली आहे. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे जात असतां नर्मदेजवळ त्यांच्या लष्करांतून सावकारांचा एक कासीद चालला होता. पानिपताहून नवव्या दिवशीं औरंगाबाद गांठण्याचा त्याचा करार होता. आम्हां टेंभुर्णीकरांस हें औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, शेजारचेंच. पेशव्यांनीं पत्र फोडलें. दोन मोत्यें गळालीं, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुप्या-तांब्याची तर गणतीच नाहीं, अशा आशयाचा त्यांत मजकूर होता.

येथें अक्षरें बदललेलीं नव्हतीं. बदलला होता तो केवळ अर्थ. वाटेंत एखाद्या परक्यानें तें पत्र वाचलें असतें, तर कोणा पेढीचें दिवाळें वाजलें, एवढेंच तो समजला असता. पेशव्यांस मात्र क्षणाचाही विलंब लागला नाहीं. मोत्यें म्हणजे पुत्र विश्वासराव आणि चुलतबंधु सदाशिवराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि नाणीं म्हणजे अगणित शिपाई! त्या संकेताची किल्ली त्यांच्या घरांतच होती.

दुसऱ्या महायुद्धांत ब्लेचली पार्क येथील गणितज्ञांनीं जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे संदेश उलगडले, तेथेंही हेंच तत्त्व उपयोगीं पडलें. हवामानाच्या वृत्तांत ठराविक शब्द येणारच, हें ताडून त्यांनीं त्या शब्दांच्या आधारें यंत्राची मांडणी शोधिली. मजकूर काय असणार हें ज्यास आधींच ठाऊक असतें, त्याच्यापुढें संकेत फार काळ टिकत नाहीं.

मात्र ब्लेचलीस उलगडा म्हणजे विजय होता. नर्मदेकांठीं तो शोक होता. २३ जून १७६१ रोजीं नानासाहेब पर्वतीवर निवर्तले. ज्या राज्याचा दरारा अटकेपर्यंत पोहोंचला होता, त्याच्या धन्यास स्वपुत्राच्या मृत्यूची वार्ता दुसऱ्याच्या पत्रांतून वाचावी लागली. डांक तुटलेल्या राज्याचें दैन्य याहून अधिक तें काय असणार?