पाच यंत्रं आणि एक खिडकी

वाटेतल्या स्टेशनावरून काढलेल्या रेल्वे तिकिटावर कधीकधी 'आरएलडब्ल्यूएल' अशी अक्षरं येतात. म्हणजे वेटिंग, पण त्या स्टेशनाच्या कोट्यातलं. कोटा म्हटलं की आपल्याला वशिला आठवतो. माझ्या मते त्याचं मूळ वशिल्यापेक्षा कागदी कारभाराच्या अडचणीत आहे. बर्थची नोंद गाडी सुटते तिथल्या रजिस्टरात. मधल्या स्टेशनावरच्या बाबूला ती दिसणार कशी? प्रत्येक गिऱ्हाइकामागे तार करायची आणि उत्तराची वाट बघत बसायचं, त्यापेक्षा चार बर्थ त्या स्टेशनाच्या नावे तोडून दिल्या की तो कोणाला न विचारता विकायला मोकळा. परतीच्या आरक्षणाला मात्र तारेवाचून गत्यंतर नव्हतं.

1985 साली दिल्लीत आरक्षण संगणकावर आलं. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबादलाही आलं. पण प्रत्येक केंद्राचं यंत्र वेगळं, नोंदीही वेगळ्या. रेल्वेच्याच 'क्रिस' संस्थेच्या 'कॉन्सर्ट' प्रणालीने 1999 पर्यंत ही पाच केंद्रं जोडली. जोडली, एकत्र केली नाहीत, आणि सगळी खुबी तिथेच आहे. गाडीची नोंद तिच्या केंद्रातच राहिली. मुंबईच्या खिडकीवर हावडा-चेन्नई गाडीचं तिकीट मागितलं, तर यंत्र दूरच्या केंद्राला विचारणार आणि बर्थ तिथल्याच नोंदीत अडकवणार. नोंद एकच, त्यामुळे तीच बर्थ दोघांना विकली जाण्याचा धोका टळला. 2002 मध्ये आयआरसीटीसीची वेबसाइट आली, तीही स्वतःचा बर्थसाठा घेऊन नव्हे, तर याच केंद्रांपुढची आणखी एक खिडकी म्हणून. तिकीट तर सुरुवातीला कुरियरनेच घरी यायचं!

मग सरळ एकच मोठं यंत्र का नाही बसवलं? यंत्रांना जोडणाऱ्या तेव्हाच्या लाइनींचा भरवसा धरला असता, तर एक लाइन तुटताच अख्ख्या शहराच्या रांगा थांबल्या असत्या. पाच केंद्रांत बाहेरगावच्या गाड्या अडल्या तरी आपल्या गाड्यांची विक्री चालू राहत होती.

याहून अवघड आक्षेप असा, की कोटा तारेच्या अडचणीतून आला, तर जोडणी झाल्यावर तो जायला हवा होता. तो गेला नाही, कारण तोवर त्याच्या गळ्यात दुसरं काम पडलं होतं. सगळ्या बर्थ एकत्र टाकल्या, तर लांबचे प्रवासी सुटण्याच्या स्टेशनावरच गाडी भरून टाकतील आणि भुसावळ-अकोल्याच्या माणसाला दारात उभं राहावं लागेल. म्हणून यंत्राला सगळी गाडी दिसत असूनही ते त्या माणसाला त्याच्या वाट्याचीच यादी दाखवतं. दुसऱ्या कोट्यातली बर्थ रिकामी असली, तरी चार्ट लागेपर्यंत त्याचं वेटिंग सहसा हलत नाही.