कांगेरच्या रानात

सुपेल्यास बदलून आल्यास आम्हांस आता चार वर्षे होतील. पोलाद कारखान्याच्या धुराड्यांखेरीज मुलांनी या प्रांती काही पाहिले नव्हते. म्हणून नाताळच्या सुटीस जोडून रजा काढली आणि सहकुटुंब बस्तरची वाट धरली. धमतरी, कांकेर, केशकालचा घाट असे करीत जगदलपूर गाठण्यास उभा दिवस गेला. तेथून दक्षिणेस कांगेर घाटी लागते. सुमारे २०० चौरस किलोमीटरांचे हे रान १९८२ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्यात आले.

घाटीतल्या चुनखडकात पाणी मुरून कुटुमसरची गुहा घडली आहे. तिच्या अरुंद तोंडाशी मातोश्रींनी दोनदा माघार घेतली. मात्र आत गेल्यावर त्यांनाच तेथून निघवेना. डबक्यांत फिकट रंगाचे, क्षीणदृष्टी मासे फिरत होते. फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली पुण्याच्या माशांवरून ज्या जातीचे वर्णन केले, तीतच अभ्यासकांनी यांची गणना केली. आमच्या सौ. पुण्याच्या, त्यांना या अंधारातल्या पुणेकराचे भारी कौतुक वाटले.

वाटाड्या धुरवा जमातीचा तरुण होता. त्याची हलबी आम्हांस निम्मीशिम्मी कळे. ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषा-पाहणीत हलबीस मराठीच्याच खंडात स्थान दिले होते, हे तेव्हा आठवले. साहजिकच आम्हांस इतिहास सांगण्याची हुक्की आली. भास्करपंतांची १७४१ ची रतनपूरवरील स्वारी, पुढे बिंबाजी भोसल्यांचा तेथील कारभार, आणि बस्तरच्या गादीच्या भांडणात दर्यावदेवाने जयपूरकरांचे व भोसल्यांचे साहाय्य घेऊन १७७८ साली कोटपाड येथे केलेला तह. त्या तहाने बस्तर नागपूरचे मांडलिक झाले व खंडणी देऊ लागले. १८५४ त नागपूरचे राज्यच खालसा झाल्यावर हा हक्क इंग्रजांकडे गेला.

वाटाड्याने सारे निमूटपणे ऐकले आणि म्हणाला, “आमचा गुंडाधूर नेतानारचा. ते गाव इथून लांब नाही.”

आम्ही वरमलो. गुंडाधूर हे नाव आम्ही परीक्षेपुरते वाचले होते. संस्थानातील दोनतृतीयांश रान राखीव करावयाचा बेत १९०५ च्या सुमारास सरकारने केला. फिरती शेती, शिकार, रानमेवा यांवर बंदी येऊ घातली. वेठ आणि दुष्काळ होतेच. आंब्याची डहाळी, मिरच्या, मातीचे ढेकूळ व बाण गावोगाव फिरले आणि १९१० च्या फेब्रुवारीत भूमकाल उसळला. तो मोडण्यास फौज आणावी लागली. तरीही राखीव रानाचे क्षेत्र पुढे निम्म्यावर आले, आणि गुंडाधूर काही सापडला नाही. खंडणी घेणाऱ्यांची वंशावळ आम्हांस मुखोद्गत. ती ज्यांच्या कष्टांतून भरली जाई त्यांचे एकही नाव सांगता येईना. नागपूरकरांच्या कीर्तीस यामुळे उणेपणा येतो असे आम्ही म्हणत नाही. पण मुलांपुढे केलेले आमचे निरूपण अर्धे होते खास.

उद्यान झाल्यावर रानाचा प्रश्न मिटला होता, असेही नाही. याच उद्यानातील गुडियापदर या गावास सामुदायिक वनहक्क मिळण्यास २०२२ साल उजाडले. ते गाव पाहावे असे मनात होते; परंतु तीरथगडच्या धबधब्यापाशी मुले पाण्यातून निघेनात, आणि सूर्यास्तापूर्वी रानाबाहेर पडणे भाग होते.