उल्हासचं पाणी आणि विजेची सूत्रं

बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळानं १९७२ साली बांधलं. बारवी पुढे उल्हासला मिळते आणि महामंडळ ते पाणी जांभूळला उचलून उल्हासनगरसह या पट्ट्यातल्या शहरांना व कारखान्यांना देतं. मात्र भर उन्हाळ्यात वरच्या अंगाला, बदलापूरच्या बॅरेजपाशीही उल्हास वाहती असते. ते पाणी घाटमाथ्यावरून येतं, वीज तयार करून झाल्यावर.

मावळातली आंध्रा नदी मुळात इंद्रायणीला, पुढे भीमेला मिळणारी. तिचा ओघ बंगालच्या उपसागराकडचा. टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीनं ठोकरवाडीला धरण बांधलं, पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर सोडलं आणि १९२२ साली कर्जतजवळ भिवपुरीचं वीजघर सुरू केलं. जनित्र फिरवून सुटलेलं पाणी तेव्हापासून उल्हासमध्ये येतं. टाटांचंच खोपोलीचं वीजघर १९१५ मध्येच सुरू झालं होतं; भिऱ्याचं १९२७ मध्ये झालं. भिऱ्यासाठी मुळशीची शेतं पाण्याखाली गेली आणि त्याविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला.

या तीन वीजघरांच्या टाटांच्या कंपन्या तीन, कारभार एका हाती. १९२९ साली या कारभारात अमेरिकन अँड फॉरेन पॉवर ही कंपनी भागीदार झाली. तिच्या मागे होती इलेक्ट्रिक बॉंड अँड शेअर. तिला जनरल इलेक्ट्रिकनं १९०५ मध्ये जन्म दिला. क्यूबा, चिली, शांघाय इथल्या वीज कंपन्यांतही याच गटाचा पैसा होता. एका कंपनीनं दुसरीचे भाग घ्यायचे, तिनं तिसरीचे, अशा उतरंडीतून थोड्या भांडवलावर मोठी सत्ता मिळे. मंदीत अशा कंपन्या कोसळल्या, तेव्हा अमेरिकेनं १९३५ मध्ये कायदा करून त्यांना आवर घातला.

स्वातंत्र्यानंतर टाटांच्या कंपन्यांतली ही अमेरिकी भागीदारी संपली. २००० साली तिन्ही कंपन्या टाटा पॉवरमध्ये एक झाल्या. मग पैशाचा प्रवाह उलटा फिरला: २००७ मध्ये टाटा पॉवरनं इंडोनेशियातल्या कोळसा खाणींत भाग घेतला, पुढे भूतान, झांबिया आणि जॉर्जियातल्या जलविद्युत प्रकल्पांत गुंतवणूक केली. सरकारी विजेचीही कंपन्यांवर कंपनी अशीच रचना झाली. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि त्यांच्यावर एक सूत्रधारी कंपनी आली.

शंभर वर्षांत मालकीची सूत्रं न्यूयॉर्कपासून जकार्तापर्यंत फिरली. भिवपुरीखालच्या गावांना आणि शहरांना मात्र त्या व्यवहारातून एकच गोष्ट रोज लागते: वीजघरातून सुटणारं पाणी. पाणी कधी आणि किती सोडायचं, हे केवळ विजेच्या मागणीवर ठरता कामा नये. राज्याच्या जलनीतीत पहिला क्रम पिण्याच्या पाण्याचा आहे. भागधारक कोणीही असोत, भिवपुरीच्या पाण्यालाही तोच क्रम लागू झाला पाहिजे.