पाव इंचाला एक फूट

१८७१ साली लंडनमध्ये दोन चुलतबहिणी वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होत्या. रोडा गॅरेट तिशीची, अ‍ॅग्नेस गॅरेट पंचविशी ओलांडलेली. दोघींना घर आतून सजवण्याचं काम शिकायचं होतं. चार मैत्रिणींकडून वाहवा मिळवण्यापुरतं नव्हे, तर धंदा म्हणून, चार पैसे मिळवायला. अ‍ॅग्नेसचे वडील सफोक परगण्यातले बडे माल्ट-व्यापारी. तिला कमावण्याची सक्ती नव्हती. रोडा मात्र पाद्र्याची मुलगी. गाठीला पैसा नाही आणि पाठीवर लहान सावत्र भावंडं. शिक्षिका होणं हा तेव्हा तिच्यासारखीला उरणारा एकच मार्ग, आणि तिला तो नको होता.

बंद दारांशी या घराण्याची जुनी ओळख होती. अ‍ॅग्नेसची थोरली बहीण एलिझाबेथ हिनं औषधविक्रेत्यांच्या जुन्या संस्थेच्या नियमांत एक फट शोधली आणि १८६५ मध्ये डॉक्टरकीचा परवाना पदरात पाडून घेतला. संस्थेनं मग घाईनं ती फट बुजवली. धाकटी बहीण मिलिसेंट फॉसेट पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्याची पुढारी झाली. तेव्हा ‘नाही’ ऐकून घरी परतणं या मंडळींच्या रक्तातच नव्हतं.

घरसजावट शिकवणारी शाळा त्या काळी लंडनमध्ये नव्हती. काम गादीवाले, पडदेवाले, फर्निचरवाले आणि रंगारी यांच्या पेढ्यांकडे होतं, आणि तिथं पोरवयात उमेदवारीला चिकटायचं ते मुलांनी. बाईनं फार तर कशिद्याचं काम करावं, वॉलपेपरची नक्षी काढून द्यावी. ती नक्षी भिंतीवर लागली की नाही, कोणत्या भिंतीवर लागली, त्याचा हिशेब तिच्याकडे नसे. या बहिणींना नेमका तो हिशेब हवा होता. काचेवर रंगकाम करणारे डॅनिअल कॉटिअर यांच्या पेढीत त्यांनी सुरुवात केली आणि तिथून त्या स्कॉटिश वास्तुविशारद जे. एम. ब्रायडन यांच्याकडे रीतसर करार करून उमेदवार म्हणून राहिल्या.

तिथं त्या नेमकं काय शिकल्या? चांगल्या घरात वाढलेल्या मुलीला रंगसंगतीची जाण असतेच, असं तेव्हाही मानलं जाई, आजही मानलं जातं. ब्रायडनच्या कचेरीत जे मिळालं ते वेगळं होतं. खोली प्रमाणात कागदावर उतरवायची. सुताराला त्याच्या भाषेत, त्याला कापता येईल असं चित्र काढून द्यायचं. लाकूड किती, मजुरी किती, रंगाचे हात किती, याचा अंदाज मांडायचा. उमेदवारी संपताना दोघी इंग्लंडभर फिरल्या. जुन्या चांगल्या घरांच्या खोल्या, फर्निचर, कोरीवकाम पाहत आणि रेखाटत. तोपर्यंत हे सगळं पुरुषांच्या खिशातल्या फूटपट्टीत बंद होतं.

१८७०च्या दशकाच्या मध्यावर आर. अँड ए. गॅरेट या नावाची पेढी उभी राहिली, ब्लूम्सबरी भागातल्या २, गावर स्ट्रीट या त्यांच्या राहत्या घरी. गिऱ्हाईक आलं की त्यानं बहिणींचं घरच नमुना म्हणून बघायचं. संगीतकार ह्यूबर्ट पॅरी त्यांच्या गिऱ्हाइकांतला. १८७६ मध्ये मॅकमिलन कंपनीनं त्यांचं घरसजावटीवरचं छोटं पुस्तक काढलं. रंगकाम, लाकूडकाम आणि फर्निचर यांबद्दल मध्यमवर्गीय कुटुंबाला सूचना, असा त्याचा थाट. स्वस्त लाकडाला महागाचं सोंग देणाऱ्या रंगकामावर त्यांचा विशेष राग. (सनमायकावर सागाची रेघ पाहून त्या काय म्हणाल्या असत्या, हे सांगायला नको.) १८७८च्या पॅरिस प्रदर्शनातही त्यांचं काम मांडलं गेलं.

रोडा १८८२ मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी गेली. अ‍ॅग्नेसनं पेढी एकटीनं चालवली आणि पुढे अशा कामात हात घातला की जे सजावटीपेक्षा मोठं होतं. नोकरी करणाऱ्या एकट्या बाईला लंडनमध्ये धड जागा मिळत नसे. तिच्यासाठी चेनीज स्ट्रीटवर १८८९ मध्ये सदनिकांची इमारत उघडली, आणि तिच्यामागच्या कंपनीत अ‍ॅग्नेस होती. इमारतीचा आराखडा जुन्या गुरूचा, ब्रायडनचाच.

गॅरेट बहिणी नशीबवान होत्या. त्यांना काही वर्षं दिवसभर शिकता आलं. त्यांच्यानंतर या धंद्यात आलेल्या बहुतेकांच्या वाट्याला ते आलं नाही. त्यांनी शिकण्यासाठी वेळ चोरला: मुलं झोपल्यावर, नोकरी सुटल्यावर, उतारवयात.

अमेरिकेत कँडेस व्हीलर हे त्याचं ठळक उदाहरण. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात तिनं लंडनच्या शाही भरतकाम-शाळेचं काम पाहिलं, तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची, चार मुलांची आई होती आणि त्याच वर्षी तिची तरुण मुलगी वारली होती. पुढच्याच वर्षी तिनं न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांच्या हस्तकलेला बाजार मिळवून देणारी संस्था सुरू केली. यादवी युद्धानं विधवा केलेल्या, मोलमजुरी करता येत नाही आणि हात पसरता येत नाही अशा बायका तिच्या डोळ्यांसमोर होत्या. १८७९ मध्ये ती लुई टिफनी, सॅम्युअल कोलमन आणि लॉकवूड डी फॉरेस्ट यांच्याबरोबर सजावटीच्या पेढीत भागीदार झाली.

यातला डी फॉरेस्ट थेट आपल्या बाजूला येतो. १८८१ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या अहमदाबादेत मगनभाई हठीसिंग यांच्याबरोबर त्यानं लाकडी कोरीवकामाचा कारखाना उभा केला. तिथल्या मिस्त्रींनी कोरलेला सागवान न्यूयॉर्कच्या घरांत गेला. पूर्व दहाव्या रस्त्यावरच्या त्याच्या स्वतःच्या घराचा कोरीव गवाक्ष अजून तिथं आहे. पिढीजात सुतारांनी बापाच्या हाताखाली शिकलेली कला आणि सातासमुद्रापलीकडच्या बाईचा नवा व्यवसाय अशा एकाच पेढीच्या हिशेबवहीत शेजारी बसल्या. सुतारांची नावं मात्र त्या वहीबाहेर फारशी आली नाहीत.

व्हीलरनं १८९५ मध्ये एका साप्ताहिकात थेट मुद्द्याला हात घातला: घरसजावट हा स्त्रियांसाठी व्यवसाय आहे. तिचा रोख हौशी मंडळींवर होता. उपजत रुची आहे म्हणून कुणी दुसऱ्याच्या घरात पैसे घेऊन हात घालू नये. त्यासाठी अभ्यास लागतो.

आणि मग दहाएक वर्षांतच एल्सी डी वुल्फनं नेमकं उलटं करून दाखवलं. ती मूळची नटी, तीही बेताची. या कामाचं शिक्षण शून्य. मैत्रीण एलिझाबेथ मार्बरीबरोबर ती ज्या घरात राहत होती तिथला जडशीळ व्हिक्टोरियन पसारा तिनं काढून टाकला, लाकडाला पांढरा रंग दिला, खोल्यांत उजेड आणला. १९०७ मध्ये उघडलेल्या न्यूयॉर्कच्या कॉलनी क्लबचं अंतरंग तिचं. पोलादसम्राट हेन्री फ्रिक यानं आपल्या हवेलीच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या तिच्याकडे सोपवल्या तेव्हा खरेदीवर टक्केवारी ठरली, आणि तेवढ्यावर ती श्रीमंत झाली. डी वुल्फच्या यशानं एक गैरसमज पक्का केला, जो अजून उतरलेला नाही: बाईला नजर असली की झालं. नजर तिला होतीच. पण तिच्याकडे ओळखीपाळखीही होत्या, आणि ज्यांच्याकडे त्या नव्हत्या त्यांना शाळा हवी होती.

शाळा आली ती टप्प्याटप्प्यानं. विल्यम चेस या चित्रकारानं न्यूयॉर्कमध्ये १८९६ मध्ये काढलेल्या कलाशाळेत १९०४ साली फ्रँक अल्वा पार्सन्स रुजू झाला आणि त्यानं चित्रकलेच्या शेजारी घरसजावट, वेशभूषा, जाहिरात असे पोटापाण्याचे विषय आणून बसवले. १९१६ मध्ये शेरिल व्हिटन या वास्तुविशारदानं फक्त याच विषयाची वेगळी शाळा सुरू केली. अर्धवेळ विद्यार्थ्याच्या दृष्टीनं व्हिटनचं नाव जास्त मोलाचं, कारण त्यानं वर्गाबरोबर टपालाची वाटही धरली. घरबसल्या शिकायचे धडे.

टपाली शिक्षण अमेरिकेत तेव्हा चांगलं रुळलेलं होतं, आणि त्याचा उगम खाणीत होता. पेन्सिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावी थॉमस फॉस्टर हा संपादक कोळसाखाणीच्या कामगारांना परीक्षा पास करता याव्यात म्हणून धडे पाठवू लागला. १८९१ मध्ये त्यातून टपाली शाळा उभी राहिली. खाणकामगाराला मुकादम करणारी ही युक्ती १९२०च्या दशकात गृहिणीला आणि कचेरीतल्या टंकलेखिकेला सजावटकार करू पाहत होती. ‘आर्ट्स अँड डेकोरेशन’ मासिकाचा गृहपाठक्रम याच वर्गासाठी. धडा यायचा, तो वाचायचा, चित्र काढायचं, उत्तरं परत धाडायची आणि लाल शाईतल्या दुरुस्त्यांची वाट पाहायची.

यात खरी कसोटी होती ती स्वयंपाकघरातल्या टेबलाची. ताटं उचलल्यावर तिथंच कागद ताणून बसवायचा. पाव इंचाला एक फूट हे तिथलं चलन: बारा फुटी भिंत कागदावर तीन इंच, सात फुटी सोफा पावणेदोन इंच. दार कुठल्या बाजूला उघडतं, सोफा ठेवल्यावर माणूस अंग न चोरता जाईल का, हे त्या तीन इंचांत कळतं. रंगाची पुस्तिका सांगत नाही. शिकणाऱ्या कितीजणी इथंच गळाल्या असतील, आजही गळतात.

प्रमाणपत्राला किंमत येण्याचं एक अगदी व्यापारी कारण होतं. कापडाचे आणि फर्निचरचे घाऊक विक्रेते आपला माल फक्त धंद्यातल्या माणसांना, सवलतीच्या भावानं देत. सजावटकाराची मिळकत बऱ्याच अंशी त्या सवलतीतच. मग धंद्यातला कोण आणि स्वतःच्या घरासाठी स्वस्तात पडदे उचलणारा कोण, हे ठरवायचं कसं? प्रमाणपत्र आणि संघटनेचं सभासदत्व हे त्याचं उत्तर. १९३१ मध्ये मंदी ऐन भरात असताना मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स या फर्निचरच्या पेठेत अमेरिकेतल्या सजावटकारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. व्हिटननं १९३७ मध्ये आपलं जाडजूड पाठ्यपुस्तक काढलं. दोनच वर्षांनी डोरोथी ड्रेपर या गाजलेल्या आणि कुठंच न शिकलेल्या सजावटकार बाईंनी सजावट म्हणजे निव्वळ मौज, असं मुखपृष्ठावरच सांगणारं पुस्तक छापलं. डी वुल्फ विरुद्ध व्हीलर हे भांडण असं पुढच्या पिढीतही चालूच राहिलं. १९५१ मध्ये व्हिटनच्या शाळेनं नावातला ‘डेकोरेशन’ शब्द टाकून ‘डिझाइन’ घेतला. निर्णय तिथं झाला म्हणायला हरकत नाही.

व्हिटनचं पाठ्यपुस्तक आलं त्याच १९३७ सालच्या नोव्हेंबरात मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरलं होतं. भरवणारी संस्था वास्तुविशारदांची. आधुनिक दिवाणखाना, न्हाणीघर, स्वयंपाकघर मांडून ठेवलेलं; चाळीतून ब्लॉकमध्ये जाण्याची स्वप्नं पाहणारी मुंबई ते बघायला लोटली. आदल्याच वर्षी पेरीन मिस्त्री या तरुणीनं सर ज. जी. कलाशाळेतून वास्तुकलेची पदविका घेतली होती. असं करणारी ती देशातली पहिली स्त्री. तिथले प्राध्यापक क्लॉड बॅटली विद्यार्थ्यांना जुन्या इमारती मोजायला पाठवत. त्या मापांच्या चित्रांचं पुस्तकही १९३४ मध्ये निघालं. गॅरेट बहिणी इंग्लंडभर फिरल्या त्यामागचा हिशेबही हाच: आधी जुनं नीट पाहा, मोजा, मग नवं काढा.

आता मुंबई-पुण्यात संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. बँकेतली नोकरी सांभाळून कुणी, मुलं शाळेला लागल्यावर कुणी, तिथं प्लायवूडची जाडी आणि पीओपीचा भाव शिकतं. अमेरिकेत १९७४ पासून या धंद्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा आहे, आणि चार वर्षांची पदवी घेतलेल्यालाही तिच्यासाठी ३,५२० तासांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो; आठवड्याला चाळीस तास धरले तर अठ्ठ्याऐंशी आठवडे. अलाबामा राज्यानं १९८२ मध्ये ‘इंटिरिअर डिझायनर’ या नावाला कायद्याचं कुंपणही घातलं. भारतात १९७२ साली वास्तुविशारदांसाठी कायदा झाला आणि त्याच वर्षी इंटिरिअर डिझायनरांची संस्थाही स्थापन झाली. ‘आर्किटेक्ट’ ही पाटी लावायला त्या कायद्याखालच्या परिषदेकडे नोंदणी लागते. ‘इंटिरिअर डिझायनर’ अशी पाटी लावायला कुठलीच नोंदणी लागत नाही.