कुस्वार

कुस्वार : गोवा, मंगळूर आणि मुंबई-वसई पट्ट्यातील कॅथलिक कुटुंबांत नाताळासाठी केल्या जाणाऱ्या लहान, नक्षीदार गोड पदार्थांचा संच. हे एका पदार्थाचे नाव नव्हे. कलकल, नेवऱ्या, गुलाबाच्या आकाराच्या तळीव कुकीज, मार्झिपान, मिल्क क्रीम, दोस, पेराड, दोदोल, खोबऱ्या-रव्याच्या बोलिन्या असे पाच-सहापासून वीस-बावीसपर्यंत जिन्नस त्यात असतात आणि कोणत्या घरी कोणते, हे त्या घराच्या रिवाजावर ठरते. पोर्तुगालमध्ये २४ डिसेंबरच्या रात्रीच्या कौटुंबिक जेवणाला ‘कोंसोआदा’ म्हणतात. गोव्यात तेच नाव शेजारीपाजारी पाठवायच्या फराळाच्या ताटाला पडले.

या ताटाची घडण पोर्तुगीज सत्तेच्या नकाशावरच झाली. गोवा १५१० मध्ये आणि वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतली, पण तिथली ख्रिस्ती गावे आणि त्यांची स्वयंपाकघरे तशीच राहिली. मुंबई, साष्टी आणि वसई भागातील मूळच्या ख्रिस्ती समाजातील अनेकांनी पुढे इंग्रजी अमलात ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. त्यांची बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन १८८७ ची. मंगळूरकडे कुस्वार गेले ते गोव्याहून दक्षिणेला स्थलांतर केलेल्या कोकणीभाषक कुटुंबांबरोबर.

युरोपातील मूळ कृती मात्र जशीच्या तशी इथे टिकणे शक्यच नव्हते. बदामाच्या जागी काजू आला, आणि तोही मूळ इथला नव्हे, पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेला. गायीच्या दुधाऐवजी बऱ्याच पदार्थांत नारळाचे दूध गेले. पेरूही अमेरिकेतूनच आला. त्याचा गर साखरेत आटवून वड्या पाडल्या की पेराड. घरोघरी भट्टी नसल्याने थराथराने भाजायच्या बिबिंकेला वरून निखाऱ्यांची आच देण्याची पद्धत रुळली. गोव्याचा दोदोल तर पोर्तुगालचा नव्हेच, त्याचे नातलग मलाया-इंडोनेशियाकडे सापडतात. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ एकत्र करून मिश्रण कडेने तेल सोडेपर्यंत ढवळायचे. हात थांबला की बुडाला लागलेच.

कलकल (काही घरांत कुलकुल) हा या संचातला सर्वांत लहान आणि सर्वांत वेळखाऊ पदार्थ. अर्धा किलो मैदा, पाऊण वाटी पिठीसाखर, दोन चमचे कडकडीत तुपाचे मोहन, एक अंडे, चवीपुरते मीठ आणि मावेल तेवढे नारळाचे दूध एवढ्यावर पीठ मळले जाते. रव्यावर करणारेही आहेत. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवे. तासभर झाकून ठेवले की बोरापेक्षा लहान गोळ्या करायच्या. गोळी काट्याच्या पाठीवर किंवा खास या कामासाठी राखलेल्या कोऱ्या फणीवर ठेवून अंगठ्याने चपटी दाबायची आणि त्याच अंगठ्याने एका कडेकडून गुंडाळत आणायची. हाती येतो तो रेघारेघांचा, आत पोकळी असलेला शिंपला. शेवटची कड नीट दाबली नाही तर तो तेलात उलगडतो. ही नक्षी नुसती शोभेची आहे असे समजणे चूक. दाबल्यामुळे पीठ पातळ होते, पोकळीत तेल शिरते आणि तुकडा आतून खुसखुशीत तळला जातो. मंद आचेवर बदामी रंगावर काढल्यावर कलकल पाकवतात, तेव्हा साखर धरून ठेवायला याच खाचा उपयोगी पडतात. गुळगुळीत गोळीवर पाकाचा थर बसतो खरा, पण डब्यात हलताच पापुद्र्याने सुटतो. पाक दोनतारीच्या पुढे गेलेला असावा; कलकल त्यात टाकून भांडे उतरवायचे आणि साखर पांढरी होऊन कोरडी पडेपर्यंत उलथन्याने खालीवर करत राहायचे.

एकट्याने करण्याचे हे काम नाही. डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, नाताळापूर्वीच्या आगमनकाळातल्या एखाद्या संध्याकाळी घरातली सगळी माणसे टेबलाभोवती किंवा जमिनीवर कागद पसरून बसतात आणि फण्या वाटून घेतल्या जातात. लहान मुलांचे कलकल जाडे निघतात. ते वेगळ्या घाण्यात तळावे लागतात, एरवी बारीक करपतात आणि जाडे कच्चे राहतात.

गुलाबाच्या कुकीज साच्याच्या. लांब दांडीला जडवलेले लोखंडी किंवा पितळी फूल आधी तेलात चांगले तापवायचे, मग अंडे, नारळाचे दूध, साखर आणि मैदा किंवा तांदळाच्या पिठाच्या पातळ मिश्रणात काठापर्यंतच बुडवायचे. साच्याच्या माथ्यावर पीठ चढले की फूल सुटायचे नाव घेत नाही. साचा थंड असेल तर पीठ चिकटतच नाही. पहिले दोन-चार घाणे साचा ‘लागेपर्यंत’ वाया जातात, हे बहुतेक घरांत गृहीत धरलेले असते. हाच पदार्थ केरळात अचप्पम या नावाने होतो.

मार्झिपान आणि मिल्क क्रीम हे ताटातले दागिने. मार्झिपानसाठी काजूची पूड, तिच्याइतकी किंवा थोडी जास्त साखर, पाव किलो काजूला साधारण एका अंड्याचा पांढरा बलक आणि गुलाबपाणी. काजू मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवावे लागतात. सलग फिरवले तर त्यांना तेल सुटते आणि मिश्रण तुपकट होते. मंद आचेवर ते कडा सोडू लागले की चिमूटभर घेऊन गोळी वळून पाहायची; बोटाला न चिकटता गोळी झाली की भांडे उतरवायचे. इथे मिनिटभर जास्त झाले तर साखर रवाळते आणि वडी कडक होते. मिल्क क्रीममध्ये दूध साखर घालून आटवतात, काजूची पेस्ट मिसळतात आणि मिश्रण गोळीबंद पाकाच्या खुणेपर्यंत नेतात. साखरेचा थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी ही खूण ११२ ते ११६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान येते. कोमट असतानाच मळून हे दोन्ही साच्यांत दाबले जाते. पूर्वीचे लाकडी साचे आपटून मोकळे करावे लागत. रबरी साचे आले तशी घंटा, चांदणी, मासा, पान, द्राक्षांचा घड अशी बारीक नक्षी कड न तुटता सहज निघू लागली. रंगाबाबत मात्र हात आवरावा. बाजारातली राणी आणि पोपटी मार्झिपाने पाहिली की खाण्याचा मोह कमी होतो. कच्च्या काजूचा मूळ पिवळसर रंग आणि एखादी फिकट गुलाबी छटा पुरेशी असते.

दोस म्हणजे चणाडाळ शिजवून वाटून, ओले खोबरे आणि साखर घालून घोटलेली वडी. ताटात थापून तिच्यावर सुरीने तिरप्या रेघा ओढतात आणि त्याच रेघांवर शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे पाडतात. नेवरी ही करंजीच. सारण खोबरे, तीळ, खसखस, रवा यांपैकी घरच्या रीतीचे असते आणि कडेची मुरड कातण्याने किंवा हाताने घातली जाते. गोव्यात ती चतुर्थीला हिंदू घरी आणि नाताळात ख्रिस्ती घरी होते.

बिबिंका आकाराने या संचात बसत नाही, पण तिच्या पातळ कापा ताटात असतातच. अंड्याचे पिवळे बलक, नारळाचे दूध, साखर, थोडा मैदा, तूप आणि जायफळ यांचे मिश्रण थराथराने भाजतात. एक थर तांबूस झाल्यावर तूप सोडून दुसरा ओततात. रूढ संख्या सातची, हौशी घरांत सोळापर्यंत. गोव्याच्या बिबिंकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

हे सारे जिन्नस लहान का, याचे उत्तर कृतीपेक्षा वाटपात आहे. कुस्वार आधी वाटण्यासाठी आणि मग घरात खाण्यासाठी असते. एका ताटात प्रत्येक प्रकाराचे दोन-चार नग बसले पाहिजेत आणि अशी ताटे वाड्यातल्या घरोघरी पुरली पाहिजेत. मोठा केक कापून पाठवण्यात ते साधत नाही. ताटावर क्रोशाचा रुमाल टाकून ते बहुधा मुलांच्या हाती दिले जाते. अंडे न खाणाऱ्या शेजाऱ्यांचे ताट वेगळे लागते : दोदोल, पेराड, दोस, नेवऱ्या आणि बिनअंड्याचे कलकल. त्या घरून दिवाळीला किंवा चतुर्थीला फराळ येतो. दुखवटा असलेल्या घरी त्या वर्षी तळण होत नाही. तिथे शेजारी आणि नातेवाईक ताट पोचवतात.

टिकण्याच्या दृष्टीने संचाचे दोन भाग पडतात. कलकल आणि गुलाबाच्या कुकीज हवाबंद डब्यात काही आठवडे राहतात, पेराड त्याहून जास्त. ओल्या खोबऱ्याचा दोस आणि मिल्क क्रीम लवकर संपवावे लागतात. मार्झिपानला दमट हवेत पाणी सुटते, म्हणून थरांमध्ये बटरपेपर घालतात. आता वांद्रे, वसई, मडगाव, म्हापसा येथील बेकऱ्या आणि घरगुती व्यावसायिक नोव्हेंबरपासूनच मागण्या नोंदवून तयार खोके भरतात. त्यांत मार्झिपान आणि कप केक भरपूर असतात, हाताने वळलेले कलकल मोजकेच, कारण त्यांची मजुरी परवडत नाही. यंत्राने पाडलेल्या कलकलवर रेघा सारख्या उठतात, पण बऱ्याचदा मधली पोकळी नसते. आखातात किंवा इंग्लंडात असलेल्या नातलगांसाठी पार्सल करताना अजूनही दोदोल, पेराड आणि कलकल यांचीच निवड होते, मार्झिपान मागे राहते.